दहा सेंटिमीटर पाण्याचा दाब

मार्गशीर्षातली रात्र आहे, साल १९३६, आणि तुम्ही हिंगोलीत एका माळवदाच्या घराच्या उंबऱ्यात उभे आहात. गाव निजामाच्या राज्यात, परभणी जिल्ह्यातला एक तालुका. कचेरीतले कागद उर्दूत, व्यवहार हाली शिक्क्याच्या रुपयांत. इंग्रजी फौजेची छावणी उठून तीस-पस्तीस वर्षं झाली. पूर्णेहून येणारी छोटी गाडी इथे येऊन थांबते, पुढे रूळच नाहीत. या रात्रीची नोंद कुठल्या दप्तरात सापडायची नाही. अशा रात्री गावोगाव झाल्या आणि घरच्यांनी कारण म्हणून "दम कोंडला" एवढंच सांगितलं.

आत या. कुणी तुम्हाला विचारणार नाही, सगळ्यांचं लक्ष बाजेकडे आहे.

बाजेवर पन्नाशी ओलांडलेला माणूस बसलाय. दुपारी शेतातून परतताना छातीत कळ आली, डाव्या हातात उतरली. ओवा चावला, मिठाच्या पुरचुंडीनं शेकलं, दिवेलागणीला जरा बरं वाटलं. मध्यरात्री ते दचकून उठले ते हवेसाठी. पाय बाजेखाली सोडलेत, दोन्ही हात गुडघ्यांवर रोवलेत, मान पुढे काढलीय. कपाळावरून घामाच्या धारा, पण हात लावाल तर अंग गार. मिनिटाला चाळीस श्वास, आणि प्रत्येक श्वासात घरघर. ओठांच्या कोपऱ्यात फेस जमतोय. कंदिलाच्या उजेडातही त्याचा फिकट गुलाबी रंग तुम्हाला कळतो.

शेजारचे काका म्हणतात, "आडवं करा की त्यांना. जरा पडू द्या, थकले." थोरली माय हात आडवा घालते. "आडवं करू नगा. बसलंय तेच बरंय." पाठीमागे गोधड्यांची चळत लावून ती स्वतः टेकू द्यायला बसते. तिचं म्हणणं आजचा हृदयरोगाचा कुठलाही डॉक्टर खोडून काढणार नाही.

तुम्हाला तुमच्या काळातलं शिक्षण सोबत आणायची मुभा आहे, म्हणून या छातीत काय चाललंय ते तुम्ही पाहू शकता. हृदयाला रक्त पुरवणारी एक धमनी गुठळीनं बंद झालीय आणि डाव्या कप्प्याचा स्नायू मरू लागलाय. उजवी बाजू धडधाकट आहे, ती प्रत्येक ठोक्याला फुफ्फुसात रक्त ढकलतेच आहे. डाव्या बाजूला ते उचलून पुढे पाठवणं जमत नाही. रक्त मागे तुंबतं. फुफ्फुसातल्या केसासारख्या बारीक वाहिन्यांत रक्ताचा दाब निरोगी माणसात पाऱ्याच्या बारा मिलिमीटरच्या आत असतो. तो अठराच्या वर गेला की रक्तातलं पाणी वाहिन्यांच्या भिंतींतून पाझरू लागतं, आणि पंचविशीच्या पुढे ते थेट हवेच्या पुटकुळ्यांत उतरतं. माणूस आडवा झाला की पायांतलं आणि पोटातलं रक्तही छातीकडे धावतं आणि तुंबारा वाढतो. बसवलं, पाय खाली सोडले की त्यातलं थोडं खालीच राहतं. माय जे करतेय ते हेच.

सरकारी दवाखान्यातले डॉक्टर येतात. त्यांच्या पेटीत मॉर्फिन आहे, ते टोचतात. तडफड थोडी निवते. मग ते दोन मांड्या आणि एक दंड रबरी पट्ट्यांनी आवळतात, आणि दर काही मिनिटांनी एक पट्टी सोडून मोकळ्या हातापायाला बांधतात. घरातल्यांना हा अघोरी प्रकार वाटतो. शेवटी ते कोपराजवळची शीर उघडून वाटीभर रक्त काढतात. तुम्हीही आधी शहारता. पण जरा थांबून पाहा: मायच्या गोधड्या, डॉक्टरांच्या पट्ट्या आणि वाटीतलं रक्त, तिन्हींचा हेतू एकच आहे. छातीकडे परतणारं रक्त कमी करायचं, जखमी हृदयावरचं ओझं उतरवायचं. त्या काळच्या वैद्यकाची दिशा बरोबर होती. हे मुद्दाम सांगतो, कारण मागच्या पिढ्यांच्या उपचारांकडे आपण फार चटकन अडाणीपणा म्हणून पाहतो.

त्याच १९३६ साली लंडनमध्ये गाईज हॉस्पिटलच्या ई. पी. पोल्टन या डॉक्टरांनी 'लॅन्सेट'मध्ये एक लेख छापला आहे. हृदयाची डावी बाजू खचून फुफ्फुसात पाणी भरलेल्या रुग्णांना त्यांनी एका यंत्रावर ठेवलं. यंत्र म्हणजे काय, तर घरातली धूळ ओढणाऱ्या व्हॅक्यूम क्लीनरच्या मोटारीनं फुंकलेली हवा, एक नळी, आणि तोंडा-नाकावर घट्ट बसणारा रबरी मास्क. श्वास आत घेताना हवा दाबानं आत येते, बाहेर सोडतानाही तिचा दाब पूर्ण सुटत नाही. दोन वर्षांनी न्यूयॉर्कचे ॲल्व्हन बाराक हेच जास्त पद्धतशीर करून दाखवणार आहेत.

हे सगळं तुम्हाला ठाऊक आहे, आणि तुम्ही हिंगोलीच्या उंबऱ्यात उभे आहात. या घरात वीज नाही. पहाटेच्या आत बाजेवरचे हात गुडघ्यांवरून निसटतात. माय अजून पाठीला टेकू देऊन बसलेलीच आहे.

*

पुढे या. छत्तीस-सदतीस वर्षं ओलांडून १९७३ च्या जानेवारीत. तुम्ही मीटरगेजच्या डब्यात आहात. हिंगोली मागे पडलीय, वसमत अजून यायचंय. मधल्या काळात निजामाचं राज्य गेलं, मुंबई राज्य आलं, मग महाराष्ट्र झाला. जिल्हा मात्र अजून परभणीच. खिडकीबाहेर बहात्तरच्या दुष्काळाची उघडी रानं. ठिकठिकाणी खडीचे ढीग, आणि ढिगांवर वाकलेली माणसं.

समोरच्या बाकड्यावर टेकून बसलेला माणूस तिथूनच आलाय. खडी फोडताना छाती धरून खाली बसला. हिंगोलीच्या डॉक्टरांनी तपासलं, छातीला नळी लावताच तळापासून वरपर्यंत बुडबुडे फुटल्यासारखी करकर ऐकली, आणि एक कुपी फोडून शिरेत सोडली: लॅसिक्स. मग चिठ्ठी लिहिली, "नांदेडला न्या." पूर्णेला गाडी बदलायची, तिथून नांदेड.

लॅसिक्स हे साठच्या दशकातलं औषध. शिरेतून दिलं की आधी शिरा थोड्या सैलावतात, आणि मग मूत्रपिंडं शरीरातलं जादा पाणी बाहेर टाकू लागतात. तुमच्या हातात त्याच्या भावानं एक रिकामा डबा दिलाय. गाडी हलतेय, माणसाला उठवत नाही, आणि दर काही मिनिटांनी त्याला लघवी लागते. डब्यातले बाकीचे प्रवासी तोंड वळवून बसतात. एक म्हातारी आपल्या लुगड्याचा पदर धरून आडोसा करते. वाटीभर रक्त काढण्याची जागा आता या डब्यानं घेतलीय. तीच दिशा, जास्त शहाणी वाट.

चोंढीच्या पुढे त्याची घरघर जरा उतरते. "पाणी," म्हणतो. मग बऱ्याच वेळानं, "पाणी दे." एका शब्दाचे दोन झाले, आणि तुम्ही जे मोजताय ते हेच.

हा माणूस नांदेडला पोचतो. तिथे त्याला नाकातून प्राणवायू मिळेल. पण पाणी भरलेल्या फुफ्फुसाला नुसता प्राणवायू कधी कधी पुरत नाही, कारण तो जिथे पोचायला हवा त्या पुटकुळ्याच मिटलेल्या असतात. १९६७ साली न्यूयॉर्कमध्ये टॉमस किलिप आणि जॉन किंबॉल यांनी हृदयविकाराचा झटका आलेल्या २५० रुग्णांचा हिशेब मांडला. फुफ्फुसात पाणी नसलेल्यांपैकी ६ टक्के दगावले होते. फुफ्फुस पाण्यानं भरलेल्यांपैकी ३८ टक्के. आणि हे खास हृदयरुग्णांच्या कक्षात, चोवीस तास नजर ठेवून. घशात नळी घालून व्हेंटिलेटरवर घेणं हा १९७३ मध्ये मोठ्या शहरांतल्या मोठ्या इस्पितळांचा मामला आहे. हिंगोलीच्या गाडीत त्याचं नावही कुणी घेत नाही.

मग पोल्टनच्या मास्कचं काय झालं? तो मागे पडला. १९४८ मध्ये आंद्रे कूर्नांद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की छातीत दाबानं हवा भरली तर निरोगी माणसाचं हृदय दर मिनिटाला बाहेर टाकतं ते रक्त कमी होऊ शकतं. निरीक्षण खरं होतं. त्यातून भीती बसली: अशक्त हृदयाला हे आणखी अशक्त करेल. वस्तुस्थिती जवळजवळ उलटी होती. जिथे रक्त तुंबून ओझं झालंय, तिथे परतणारं रक्त थोडं कमी होणं हाच उपकार असतो. हे पुन्हा नीट कळायला आणि सिद्ध व्हायला अनेक वर्षं गेली. माझं मत विचाराल तर या सबंध कथेत सगळ्यात जास्त माणसं याच काळात, हाती असलेली गोष्ट बाजूला ठेवल्यामुळे गेली असावीत.

*

पुढची काही वर्षं भरभर ओलांडू. १९८१ मध्ये सिडनीत कॉलिन सलिव्हन झोपेत श्वास अडणाऱ्यांसाठी नाकावरचा दाबाचा मास्क करतात, आणि गंमत म्हणजे पुन्हा व्हॅक्यूम क्लीनरचीच मोटार वापरतात. १९८५ मध्ये फिनलंडचे डॉक्टर मास्कचा दाब पाणी भरलेल्या फुफ्फुसांवर परत आणतात. डिसेंबर १९९१ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या फ्लिंडर्स मेडिकल सेंटरचा लेख येतो. फुफ्फुस भरलेले ३९ रुग्ण होते. नुसता प्राणवायू दिलेल्या वीसांपैकी सात जणांच्या घशात नळी घालावी लागली. मास्कवरच्या एकोणिसांपैकी एकाच्याही नाही.

त्या डिसेंबरात तुम्ही हिंगोलीत उतरलात तर अजून मीटरगेजच दिसेल. नांदेडचं सरकारी वैद्यकीय महाविद्यालय अवघं तीन वर्षांचं असेल. १ मे १९९९ ला हिंगोली स्वतःचा जिल्हा होईल. २००८ मध्ये रूळ रुंद होतील आणि त्याच वर्षी ब्रिटनमधल्या २६ इस्पितळांतला, १०६९ रुग्णांचा मोठा अभ्यास छापून येईल. त्यानं अनेकांचा उत्साह थंड केला: मास्कवर दम लवकर उतरला, रक्तातलं आम्ल लवकर कमी झालं, पण सात दिवसांत दगावलेल्यांचं प्रमाण दोन्हीकडे जवळपास सारखंच, साडेनऊ टक्क्यांच्या आसपास. तो वाचताना एक गोष्ट विसरू नका: ज्यांना तातडीनं अँजिओप्लास्टी हवी होती असे रुग्ण त्या अभ्यासात घेतलेच नव्हते. पुढे २०१९ मध्ये कोक्रेनच्या आढाव्यात २४ अभ्यासांतले २६६४ रुग्ण एकत्र तोलले गेले तेव्हा पारडं मास्कच्या बाजूनं झुकलं. इस्पितळातले मृत्यू सुमारे एक तृतीयांशानं कमी, नळी घालायची वेळ जवळपास निम्म्यावर.

२०२१ च्या उन्हाळ्यात थांबायला नको. एवढंच पाहून ठेवा की कोरोनाच्या त्या दुसऱ्या लाटेत ऑक्सिमीटर आणि बायपॅप, म्हणजे असाच दाबाचा मास्क, हे शब्द ओसरीवरच्या गप्पांत आले, आणि नर्सेसच्या एका पिढीला घाबरलेल्या माणसाच्या तोंडावर मास्क कसा टिकवायचा हे हातानं कळलं.

*

आता चैत्र आहे, तुमचाच काळ, आणि या वेळी बाजेवर तुम्हीच आहात.

सेनगाव तालुक्यातलं शेत. हळद काढून झालीय, दिवसभर कुकर पेटलेला होता, कंद शिजवून खळ्यावर पसरणं चालू होतं. दुपारी छातीवर दडपण आलं ते तुम्ही पित्त म्हणून सोडून दिलं, गोळी चघळली. रात्री एक वाजता श्वास मिळेना म्हणून उठलात. बाहेर येऊन बसलात तरी मिळेना. आत घेतलेली हवा कुठेतरी वरच्या वर अडतेय. तुम्हाला सांगायचंय की मरतोय मी, पण सांगायला लागते ती हवाही नाही. मुलगा विचारतो, "काय होतंय, बाबा?" तुम्ही बोट छातीकडे नेता. एवढंच.

त्यानं १०८ लावला. आता कुठली गाडी येते त्यावर बरंच ठरणार आहे. २०१४ मध्ये महाराष्ट्रात ही सेवा सुरू झाली तेव्हा ९३७ गाड्या होत्या. त्यांपैकी २३३ व्हेंटिलेटरसकट सगळी साधनं असलेल्या, ७०४ प्राथमिक साधनांच्या. दुसऱ्या प्रकारच्या गाडीत प्राणवायू आहे, दाब नाही. तुमच्याकडे दुसरीच आली. तिच्यातल्या डॉक्टरांनी तुम्हाला स्ट्रेचरवर बसतं ठेवलं, प्राणवायू लावला, आणि हिंगोलीत एका दवाखान्यात उतरवलं.

ईसीजीची पट्टी काढली. पट्टीवर हृदयाच्या समोरच्या भिंतीचा अटॅक. बोटाच्या चिमट्यात ऑक्सिजन ७८. श्वास ३८. ब्लड प्रेशर १७०. ड्युटीवरची डॉक्टर तरुण आहे. अशा वेळी तुमच्या भागात जे वाक्य ऐकू येतं ते तुमच्या मुलाला पाठ आहे: इथं काही होणार नाही, नांदेडला हलवा. नांदेड ऐंशी-नव्वद किलोमीटर, कळमनुरी, वारंगा फाटा, अर्धापूर. या अवस्थेत, नाकाशी नुसती प्राणवायूची नळी घेऊन त्या रस्त्यावर निघणं म्हणजे काय, ते तुम्ही १९७३ च्या डब्यात पाहिलंय. ती म्हणते, "हलवायचंच आहे. पण आधी मास्क."

यंत्र बुटाच्या खोक्याएवढं. ती ब्लड प्रेशर पुन्हा पाहते, कारण ते खूप खाली असतं तर हाच दाब घातक ठरला असता. तुम्ही शुद्धीवर आहात का, उलटी होतेय का, हेही पाहते. मग तुमच्या डोळ्यांच्या समोर येऊन सांगते, "काका, हे लावल्यावर पहिल्यांदा जास्तच कोंडल्यासारखं वाटेल. दोन मिनिटं माझ्यावर सोडा. पट्टा बांधत नाही, मी हातानं धरते. नको झालं तर हात वर करा."

मास्क चेहऱ्यावर येतो आणि तुम्ही तो ढकलता. श्वास न मिळणाऱ्या माणसाचं नाक-तोंड कुणी झाकलं तर तो दुसरं काय करणार? नर्स तुमचा हात धरते, ओढत नाही, नुसता धरते. हवा जोरात आत येते, गाल फुगतात. श्वास सोडायला जाता तर समोरून हवाच रेटा देतेय. हे उलटं आहे, हे चुकलंय असं सगळं अंग ओरडून सांगतंय. नर्स म्हणते, "हवेशी भांडू नका. ती देतेय तेवढी घ्या." मुलगा पायाशी उभा आहे. तो पुढे सरसावतो, "काढा ते, माझ्या बापाचा जीव घाबरायलाय!" डॉक्टर मान न वळवता सांगते, "एक मिनिट, दादा."

किती दाब आहे हा? दहा सेंटिमीटर पाण्याचा. तांब्याभर पाण्यात एक नळी दहा सेंटिमीटर खोल बुडवा आणि फुंका. पहिला बुडबुडा सुटतो त्या क्षणी गालांत जेवढा दाब असतो, तेवढाच. पाऱ्यात मोजला तर सात मिलिमीटरच्या आसपास. एवढ्यानं काय होतं? पाण्यानं भिजलेल्या पुटकुळ्या ओल्या प्लास्टिकच्या पिशवीसारख्या आतून चिकटतात आणि प्रत्येक श्वासाला त्या नव्यानं उघडाव्या लागतात. त्यातच तुमची सगळी ताकद जात होती. श्वास सोडतानाही दाब कायम राहिला की त्या मिटतच नाहीत. प्राणवायूला रक्तापर्यंत जायला जागा मिळते. हवा पाण्याला बाहेर फेकून देते असं बरेच जण समजतात, तसं नाही. पाणी हळूहळू शोषलंच जावं लागतं, दाब तोवर पुटकुळ्यांची दारं धरून ठेवतो. आणि छातीतला तोच दाब दोन कामं आणखी करतो. परतणारं रक्त थोडं रोखतो, म्हणजे मायच्या गोधड्यांचं आणि रबरी पट्ट्यांचं काम. शिवाय डाव्या कप्प्याला रक्त बाहेर टाकताना जो जोर लावावा लागतो, तोही हलका करतो. एकही शीर न उघडता.

दोन मिनिटं होतात. काहीतरी बदललंय. श्वास आत घेणं आता तुमचं एकट्याचं काम राहिलेलं नाही. आकड्यांमधला ७८ आता ८४ आहे. नर्स पट्टे बांधते. शिरेतून लॅसिक्स गेलंय, रक्तवाहिन्या सैल करणारं नायट्रोग्लिसरीन थेंब थेंब चालू आहे, गुठळी विरघळवणारं इंजेक्शन तयार होतंय, कारण मुळातली धमनी बंद आहे आणि मास्क तिला हात लावू शकत नाही. हे स्वच्छ समजून घ्या: मास्क वेळ मिळवून देतो, आणि तुमचं आयुष्य आत्ता वेळेवरच टांगलेलं आहे. ८८. ९१. श्वास ३८ वरून २८ वर. घाम सुकू लागतो. मुलगा खुर्चीवर बसतो, तेव्हा कळतं की तो इतका वेळ उभाच होता.

सेनगाव, कळमनुरी, औंढा, वसमत. या प्रत्येक ठिकाणी रात्री एक वाजता असा एक मास्क आणि तो हातानं धरू शकणारं एक माणूस असेल का, हा प्रश्न तुमच्यासोबत खोलीत आहे. हिंगोलीला आता स्वतःचं सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे, २०२४ मध्ये सुरू झालेल्या दहांपैकी एक. तिथे शिकणाऱ्या मुलामुलींनी पहिल्या काही गोष्टींत ही शिकावी अशी माझी मनापासून इच्छा आहे: यंत्राचं बटण तर आहेच, पण त्याच्याही आधी ती दोन मिनिटं. मास्क हातानं धरणं, डोळ्यांत पाहून बोलणं, घाबरलेल्या मुलाला थांबवणं. इतक्या वर्षांत यंत्र बरंच सुधारलं. ही दोन मिनिटं कुठल्याही यंत्रात अजून घालता आलेली नाहीत.

पाऊण तासानं नांदेडला नेणारी गाडी दाराशी आहे. या वेळी व्हेंटिलेटरची. मास्क तसाच, नळी फक्त एका यंत्रातून काढून दुसऱ्याला जोडायची. त्या मधल्या काही क्षणांसाठी डॉक्टर मास्क उचलते आणि विचारते, "काका, आता बोलून दाखवा. एका दमात किती बोलता येतंय ते बघू."

तुम्ही मुलाकडे वळता.

"कुकरखालचा जाळ विझवला का रे, आणि खळ्यावरची हळद झाकून ठेव म्हणावं, आभाळ भरून आलंय."

डॉक्टर मास्क परत बसवते आणि गाडीतल्या सहकाऱ्याला सांगते, "अख्खं वाक्य. नांदेडला फोन लावा, पेशंट मास्कवर आहे, प्रेशर एकशे तीस, कॅथलॅब तयार ठेवायला सांगा."